तुंबलेली वाट आणि शस्त्रवैद्याचे डोळे

कांहीं व्याधींविषयीं बोलण्यास आपला समाज कचरत नाहीं. दमा, संधिवात, मधुमेह यांची चर्चा चारचौघांत चहाच्या पेल्याबरोबर चालते. मधुमेहास तर कोठें कोठें एक प्रकारची प्रतिष्ठाहि लाभली आहे. लघवी तुंबण्याचा विकार मात्र घरांतल्या घरांतहि उच्चारला जात नाहीं. वडील माणूस रात्रींतून चार वेळां उठतें, मोरीचा दिवा लागतो तो बराच वेळ विझत नाहीं. सून जागी असून निजल्याचें सोंग करते, मुलास विचारण्याचा धीर होत नाहीं, आणि स्वतः रुग्ण 'वय झालें' या दोन शब्दांत सर्व प्रकरण मिटवून टाकतो. या दोन शब्दांच्या आड कित्येकांचीं मूत्रपिंडें हळूहळू निकामी होत जातात. आणि दुखणें घरास प्रथम कळतें तें पुष्कळदां लघवी अजिबात बंद होऊन रुग्णास मध्यरात्रीं रुग्णालयांत न्यावें लागतें तेव्हां.

या व्याधीच्या शस्त्रोपचाराचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों. आम्ही वैद्यकशास्त्राचे अधिकारी नव्हों. परंतु मनुष्यानें आपलें दुःख कसकसें दूर केलें याचा वृत्तांत हाहि इतिहासाचाच भाग आहे, आणि लढायांच्या वृत्तांताहून तो कमी उद्बोधक नाहीं. या इतिहासांतून एक गोष्ट आम्हांस विशेष रीतीनें दिसून येते. शस्त्रवैद्याच्या हातास कौशल्य फार लवकर आलें. त्याच्या डोळ्यांस मात्र वाट फार उशिरां मिळाली. जोंपर्यंत डोळे नव्हते, तोंपर्यंत लहान दोषासाठींहि मोठा घाव घालावा लागे. एवढेंच नव्हे, तर आपण नेमकें काय कापून काढलें याविषयींहि निष्णात शस्त्रवैद्य फसत असे.

प्रथम या अडथळ्याचें स्थान पाहूं. पुरुषाच्या शरीरांत मूत्राशयाच्या मुखाशीं, मूत्रमार्गास चोहोंकडून वेढून, अक्रोडाएवढी एक ग्रंथि असते. डॉक्टर तिला प्रॉस्टेट म्हणतात. आपल्या परिभाषेंत तिला अष्ठीला हें नांव रूढ झालें आहे. वीर्यांत मिसळणारा एक रस तयार करणें हें तिचें काम. रबरी नळीभोंवतीं कोणी मूठ धरावी, तशी तिची जागा आहे. मूठ सैल आहे तोंवर कांहीं जाणवत नाहीं. ती आवळली कीं धार बारीक होते. ही मूठ आवळण्याचीं कारणें मात्र एकाहून अधिक आहेत. उतारवयांत ग्रंथीची जी साधी वाढ होते, तें सर्वांत नित्याचें कारण. कर्करोग हें दुसरें. आणि तिसरें, पुष्कळ विरळ, म्हणजे ग्रंथींत किंवा तिच्या लगत तयार झालेली पुटी, अर्थात् द्रवानें भरलेली पातळ आवरणाची पिशवी. यांखेरीज मूत्राशयांतील मुतखडा मुखाशीं येऊन अडकला तरी वाट बंद होतेच. या सर्वांचीं लक्षणें बाहेरून जवळजवळ एकच: धार मंदावणें, थांबत थांबत होणें, वारंवार जावें लागणें, आणि शेवटीं तुंबणें. लक्षण एक आणि कारणें अनेक, ही या इतिहासांतील मूळ अडचण होय.

आपल्या प्राचीन वैद्यांस ही अडचण ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील 'वाताष्ठीला' म्हणजे मलमार्ग व बस्ति यांच्यामध्यें उत्पन्न होणारी, दगडासारखी घट्ट व न हलणारी गांठ. 'मूत्रग्रंथि' या प्रकाराचें वर्णन तर अधिकच लक्षणीय आहे: बस्तीच्या मुखाच्या आंत एकाएकीं उद्भवणारी लहान, वाटोळी, स्थिर गांठ, जी मूत्राची वाट रोखते व मुतखड्यासारख्या वेदना उत्पन्न करते. हें वाचून 'हीच आजची अष्ठीलेची पुटी' असें म्हणण्याचा मोह कोणासहि होईल. आम्ही तो आवरतों. सुश्रुतोक्त गांठीच्या आंत द्रव होता कीं मांस, हें त्या वर्णनावरून ठरत नाहीं. आणि पूर्वजांच्या मुखीं त्यांनीं न उच्चारलेलें ज्ञान घालणें हा त्यांचा गौरव नव्हे. त्यांचा खरा गौरव हा कीं, एकाच लक्षणामागें निरनिराळीं कारणें असूं शकतात हें ओळखून त्यांनीं तीं वेगळीं मांडलीं.

मुतखडा कापून काढण्याची क्रिया सुश्रुतानें तपशिलानें सांगितली आहे. शिवणीच्या डाव्या बाजूस यवमात्र अंतर सोडून छेद घ्यावा, इतकें नेमकें तें वर्णन आहे. परंतु त्याहून आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो त्याचा इशारा. शस्त्र न चालविलें तर मरण निश्चित, चालविलें तरी जगण्याविषयीं शंका. म्हणून जो अधिकारी असेल त्याची अनुज्ञा घेऊनच हें कर्म करावें, असें तो बजावतो. ज्या काळीं भूल नव्हती व आंत पाहण्याचें साधन नव्हतें, त्या काळच्या शस्त्रवैद्याचा हा प्रामाणिकपणा होय.

ग्रंथीच्या वाढीवर मात्र शस्त्र चालविण्याचें धैर्य त्यानंतरहि शतकानुशतकें कोणास झालें नाहीं. उपाय एकच होता, आणि तो म्हणजे मूत्रमार्गांतून नळी घालून तुंबलेलें मूत्र काढणें. ही शलाका फार जुनी. पाँपेई या ज्वालामुखीखालीं गाडल्या गेलेल्या रोमन नगरांत कांशाच्या वांकड्या शलाका सांपडल्या आहेत. अठराव्या शतकांत अमेरिकेंतील सुप्रसिद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांनीं, मुतखड्यानें पीडित अशा आपल्या वडील बंधूसाठीं १७५२ सालीं चांदीची लवचीक शलाका सोनाराकडून करवून घेतली होती. आकाशांतील विजेशीं खेळणाऱ्या या पुरुषानें भावाच्या खासगी दुःखासाठीं तितक्याच बारकाईनें बुद्धि चालविली, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या मोठ्या शोधांइतकीच हृद्य वाटते.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील कित्येक वृद्ध गृहस्थ टोपीच्या अस्तरांत अगर पोकळ काठींत शलाका लपवून हिंडत. दिवसांतून चार-पांच वेळां ती स्वतः घालावयाची, पुसावयाची, पुन्हां ठेवावयाची. जंतूंचें ज्ञान नसल्यामुळें ती उकळून घेण्याचें कोणास सुचत नसे. कांहीं दिवसांत ज्वर येई. त्यास 'शलाकाज्वर' असें नांवच पडलें होतें. जी नळी रुग्णास जगवी तीच पुढें त्याचा अंत ओढवी. शस्त्रवैद्य हें सर्व जाणत होते. पण ज्या ग्रंथीकडे त्यांची दृष्टि पोंचत नव्हती, तिला ते कसे हात लावणार?

या कोंडींतून वाट काढणाऱ्या पुरुषाचें कौशल्य आपल्याच देशांत तयार झालें होतें. पीटर फ्रेयर हे आयर्लंडांतील गॉल्वे परगण्यांत १८५१ सालीं जन्मले व १८७५ त इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें दाखल होऊन हिंदुस्थानांत आले. आज ज्यास उत्तर प्रदेश म्हणतात त्या भागांत त्यांची वीस वर्षांची चाकरी झाली. मुतखड्याचा विकार तिकडे फार. बोस्टनच्या हेन्री बिगेलो यांनीं १८७८ त प्रसिद्ध केलेली पद्धति फ्रेयर यांनीं उचलली. या पद्धतींत पोट अथवा शिवण न कापतां मूत्रमार्गांतून चिमट्यासारखें यंत्र मूत्राशयांत घालावयाचें, त्यानें खडा पकडून चुरावयाचा, व एकाच बैठकींत सर्व चुरा धुऊन बाहेर काढावयाचा. याच काळांत होळकरांच्या इंदुरांत रेसिडेन्सीचे शस्त्रवैद्य कीगन यांनीं तीच पद्धति लहान मुलांवर यशस्वी करून दाखविली. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद, तेथें हें चालावयाचें नाहीं, असा तोंवर सर्वत्र समज होता. फ्रेयर यांनीं अशा शेंकडों शस्त्रक्रिया केल्या. रामपूरच्या नबाबावरील उपचाराबद्दल त्यांस एवढी मोठी बिदागी मिळाली कीं, तीवरून सरकारशीं त्यांचा वाद जुंपला.

यांत ध्यानीं घेण्याजोगी गोष्ट ही कीं, खडा फोडण्याची ही क्रिया संपूर्ण आंधळी होती. यंत्राचें टोंक मूत्राशयांत कोठें आहे, जबड्यांत खडा आला कीं मूत्राशयाची त्वचा आली, हें केवळ हातास येणाऱ्या कंपावरून ओळखावें लागे. जे वर्षानुवर्षें हें काम करीत त्यांच्या बोटांसच डोळे फुटत. असे डोळस झालेले हात घेऊन फ्रेयर स्वदेशीं परतले व १८९७ त लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयांत काम करूं लागले.

१ डिसेंबर १९०० रोजीं त्यांनीं ६९ वर्षांच्या एका रुग्णावर आपली प्रसिद्ध शस्त्रक्रिया केली. हा गृहस्थ सर्वस्वीं शलाकेच्या आधारावर जगत होता. फ्रेयर यांनीं ओटीपोटावर छेद घेऊन मूत्राशय उघडला. एका हाताचें बोट त्यांत घातलें, दुसऱ्या हाताचें बोट गुदद्वारांतून वर दाबून ग्रंथि उचलून धरली, आणि संत्र्याच्या सालींतून गर सोडवावा त्याप्रमाणें वाढलेला सर्व भाग नखानें सोडवून बाहेर काढला. रक्त थांबविण्यास कढत पाण्याचे फवारे, आणि निचऱ्यासाठीं एक जाड रबरी नळी, एवढीच सामग्री. शस्त्रक्रियेस मिनिटेंच लागत. रुग्ण बरा झाला, शलाका सुटली. पुढील वर्षीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें त्यांनीं चार रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि १९१२ सालापर्यंत त्यांच्या शस्त्रक्रियांची संख्या एक हजारावर गेली. त्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा पांच-सहा होतें. हे रुग्ण बहुतेक साठीच्या पुढचे, पुष्कळ जण आधींच ज्वरानें व विषारानें खंगलेले. जंतुनाशक औषधें अद्याप दूर होतीं. हें ध्यानांत घेतां तो आंकडा विलक्षण म्हणावा लागतो.

परंतु श्रेयाचा प्रश्न निघतांच चित्र इतकें निर्मळ राहत नाहीं. लीड्स येथील आर्थर मॅकगिल यांनीं १८८७ पासूनच ओटीपोटावाटे ग्रंथीचा अडथळा काढण्यास आरंभ केला होता. १८९० त ते वारले आणि त्यांचें नांव मागें पडलें. न्यूयॉर्कचे युजीन फुलर यांनीं १८९५ त, बोटानें संपूर्ण वाढ सोडवून काढण्याच्या रीतीनें केलेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत छापला होता. ती रीत रामोन गुतेरास या अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं १९०० सालीं लंडनच्या भेटींत फ्रेयर यांस सांगितली, असें वैद्यकाचे इतिहासकार सांगतात. फ्रेयर यांनीं मात्र पद्धति आपलीच असल्याचा आग्रह अखेरपर्यंत धरला. त्याहून मोठी चूक शास्त्राची होती. आपण संपूर्ण अष्ठीला तिच्या वेष्टनासह काढतों, असें ते सांगत. वस्तुतः ते काढीत ती ग्रंथींत झालेली वाढ. खरी ग्रंथि दाबली जाऊन तिचें जें साल बनलेलें असे तें जागच्या जागीं राही. म्हणूनच त्यांचे रुग्ण बचावत. हजार वेळां यशस्वी झालेल्या हातास आपण काय करतों हें नीट ठाऊक नव्हतें!

मग फ्रेयर यांचें मोठेपण कशांत? आमच्या मतें तें हिशेबांत आहे. मॅकगिल व फुलर यांनीं वाट शोधली. फ्रेयर यांनीं ती वहिवाटीची केली. ती शेंकडों वेळां चालून दाखविली, मेले किती व वांचले किती हें वेळोवेळीं छापलें, आणि त्यामुळें इतर शस्त्रवैद्यांस त्या वाटेनें जाण्याचा धीर आला. शोधकाचा मान पहिल्यांचा. पण ज्यानें दुखणाइतांच्या दारापर्यंत शोध पोंचविला त्याचें ऋणहि लहान नव्हे. दोन्ही नांवें घ्यावीं, हाच न्याय.

आतां दृष्टीच्या बाजूकडे वळूं. शरीराच्या पोकळींत प्रकाश नेण्याची कल्पना फ्रँकफुर्टचे फिलिप बोझिनी यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच मेणबत्ती व आरसे यांच्या साहाय्यानें करून पाहिली होती. ती काळाच्या फार पुढें असल्यामुळें तशीच राहिली. जर्मनींतील माक्स नीट्झे यांनीं व्हिएन्नाचे उपकरणकार लाइटर यांच्या साहाय्यानें १८७९ त मूत्राशयांत पाहण्याची खरी दुर्बीण तयार केली. तिच्या टोंकाशीं विजेनें तापविलेली प्लॅटिनमची तार असे, व ती थंड राहावी म्हणून भोंवतीं पाणी खेळवावें लागे. त्याच वर्षीं एडिसन यांचा विजेचा दिवा निघाला. पुढें तो इवलासा होऊन दुर्बिणीच्या टोंकावर बसला, आणि मूत्राशयाचें अंतरंग प्रथमच उजळून निघालें. १९१० त न्यूयॉर्कच्या एडविन बिअर यांनीं दुर्बिणींतून विजेचा उच्च कंपनाचा प्रवाह नेऊन मूत्राशयांतील गांठी जाळल्या. १९२६ त स्टर्न यांनीं विजेच्या तारेच्या फांसानें अडथळा कातरून काढण्याचें यंत्र केलें, व १९३१-३२ च्या सुमारास मॅकार्थी यांनीं तें सुधारलें. हाताची विद्याहि थांबली नव्हती. १९४५ त टेरेन्स मिलिन या दुसऱ्या आयरिश शस्त्रवैद्यांनीं मूत्राशय न उघडतां समोरून ग्रंथीपर्यंत पोंचण्याची रीत वीस रुग्णांच्या आधारें मांडली. तथापि ओघ दुर्बिणीकडेच लागला होता. पुढें हेरल्ड हॉपकिन्स या इंग्लिश शास्त्रज्ञानें १९५९ च्या सुमारास कांचेच्या लांब दांड्यांची रचना करून दुर्बिणींतील चित्र इतकें स्पष्ट केलें कीं, अंधपणाचा काळ संपला म्हणावयास हरकत नाहीं.

या दृष्टिलाभाचें सर्वांत सुंदर फळ पाहावयाचें असेल तर तें विरळा अशा पुटीच्या उपचारांतच पाहावें. पुटीचे प्रकार अनेक. कांहीं, ग्रंथींतील रसवाहिनीचें तोंड बुजून रस सांठल्यानें होतात. कांहींचें मूळ थेट गर्भावस्थेंत असतें. १८३० त योहानेस म्यूलर यांनीं वर्णिलेली नलिकांची एक जोडी प्रत्येक गर्भांत आरंभीं असते. स्त्रीगर्भांत तीपासून गर्भाशय बनतो. पुरुषगर्भांत ती विरून जाते, पण अष्ठीलेच्या मध्यभागीं तिची लहानशी खूण राहते. क्वचित् ही खूण द्रवानें फुगून पिशवी बनते. ती मागून मूत्रमार्गावर दाब आणते. आणि पुटी मूत्राशयाच्या मुखाशींच असेल, तर लघवीच्या वेळीं झडपेसारखी मुखावर बसून वाट रोखते. असा रुग्ण पुष्कळदां तरुण असतो. 'वय झालें' हें उत्तर त्यास लागू पडत नाहीं, आणि म्हणून त्याचें दुखणें मनाचें म्हणून उडवून लावलें जाण्याचाहि संभव असतो.

आंधळ्या काळांत असा रुग्ण आला असता तर काय झालें असतें? निदान होण्यास मार्ग नव्हता. शलाका घालीत राहणें, किंवा पोट अगर शिवण कापून बोटानें चांचपणें. मोठ्या पुटीसाठीं नंतरहि बराच काळ उघडी शस्त्रक्रिया करीत, आणि ही जागा अशी अडचणीची कीं, मागें गुद, बाजूस पुरुषत्वाच्या नसा, खालीं मूत्र आवरणारा स्नायु. हात किंचित् चुकला तर आयुष्याचें नुकसान. १९७० च्या सुमारास जपानांत हिरोकी वातानाबे यांनीं गुदमार्गांतून ध्वनिलहरींच्या साहाय्यानें अष्ठीलेचें चित्र घेण्याची रीत रुळविली, आणि शस्त्र हातीं घेण्यापूर्वींच पुटीचा आकार, जागा व आंतील द्रव दिसूं लागला. तिनें पहिली गोष्ट शिकविली ती ही कीं, बहुतेक पुटी निरुपद्रवी असतात. दुसऱ्याच कारणासाठीं केलेल्या तपासणींत त्या सहज आढळतात, व त्यांस हात लावण्याची गरज नसते. ज्या त्रास देतात त्यांतील द्रव सुईनें काढतां येतो. मात्र पिशवी शाबूत राहिल्यानें ती पुष्कळदां पुन्हां भरते. टिकाऊ उपाय म्हणजे मूत्रमार्गांतून दुर्बीण घालून, पुटीचें छत तेवढें विजेच्या तारेनें अगर लेसरच्या किरणानें उघडणें. द्रव मूत्रमार्गांत वाहून जातो, पिशवी मिटते, वाट मोकळी होते. पोटावर छेद नाहीं. ग्रंथि जागच्या जागीं. धोका अजिबात नाहीं असें नव्हे. रक्तस्राव, जंतुदोष व वीर्याच्या मार्गास इजा यांचा विचार करावाच लागतो, आणि अपत्याची इच्छा असलेल्या तरुणाशीं तो आधीं बोलावा लागतो. सुश्रुतानें अनुज्ञा मागितली होती; आज ती रुग्णाचीच घ्यावयाची, एवढाच फरक.

फ्रेयर यांनीं पोट उघडून मूठभर मांस काढलें. आजचा शस्त्रवैद्य अशा रुग्णाच्या पातळ पडद्यास एक खिडकी पाडतो व थांबतो. कौशल्य वाढलें म्हणून घाव लहान झाला असें नाहीं. बोटांच्या चलाखींत फ्रेयर यांची बरोबरी आज क्वचितच कोणी करील. घाव लहान झाला तो दिसूं लागलें म्हणून. जेथें दिसत नाहीं तेथें मनुष्य अधिक कापतो, हा नियम शस्त्रक्रियेपुरताच आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

आणि म्हणूनच आरंभींच्या त्या मोरीच्या दिव्याकडे पुन्हां वळावेंसें वाटतें. शस्त्रवैद्यास डोळे मिळण्यास दोन सहस्रकांहून अधिक काळ लागला; त्यासाठीं कित्येकांनीं आयुष्यें वेंचलीं. तो दिवा रात्रींतून चार वेळां लागतो हें पाहण्यास मात्र कोणत्याहि यंत्राची गरज नाहीं. दुर्बीण मूत्राशयापर्यंत पोंचते. संकोचानें मिटलेल्या ओंठांपर्यंत ती पोंचत नाहीं. तेथें घरच्या माणसांनींच पोंचावयाचें आहे. उद्यां सकाळीं कोणा मुलानें वडिलांजवळ बसून, "बाबा, रात्रीं त्रास होतो का? डॉक्टरांकडे जाऊन येऊं," एवढें विचारलें, तर या दीर्घ इतिहासाचें फळ त्या घरापुरतें पदरांत पडलें असें आम्ही समजूं.